गोळीची निवड : दमदमपासून कोरियाच्या जंगलापर्यंत

मी भिलाईहून बोलतोय. रायफलींवरचे मागचे भाग झाले, तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. नागपूरहून आला, इंदूरहून आला, बडोद्याहून आला, बेळगावहून आला. प्रश्न असा : "सर, लांब पल्ल्याच्या शिकारीला कुठली गोळी योग्य?" विचारणारे बहुतेक तरुण आहेत. परदेशातले व्हिडिओ बघतात, त्यात हजार-हजार यार्डांवरून हरिण पाडलेलं दाखवतात, आणि यांना वाटतं की सगळी जादू त्या गोळीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात हौसेची शिकार बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, या दोहोंनी तो दरवाजा लावून घेतला. त्यामुळे आजचा भाग म्हणजे 'कशी करावी' याचा वर्ग नाही. पण प्रश्न टाकाऊ नाही. गोळी कशी निवडावी, या एका प्रश्नात आपल्या देशाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात १८५७ आहे, हेगची परिषद आहे, आपल्या पुण्याची खडकी आहे, आणि आमच्या छत्तीसगढचं जंगलही आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

गोळी आणि काडतूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काडतूस म्हणजे पितळेची नळकांडी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. तिचं वजन मोजतात ग्रेनमध्ये. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड; एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. आज हे माप पुन्हापुन्हा येईल, म्हणून लक्षात ठेवा.

गोळीला तीन कामं करायची असतात. नळीतून न फाटता, न सोलता बाहेर पडायचं. हवेतून सरळ आणि भरवशानं जायचं. आणि पोहोचल्यावर आपलं काम करायचं. पहिली दोन कामं इंजिनिअरची. तिसरं काम मात्र कशावर गोळी झाडताय त्यावर ठरतं, आणि इतिहासात सगळे वाद या तिसऱ्या कामावरून झाले आहेत.

फोर्सिथसाहेबाचा गोल गोळा

मराठी माणसाला छत्तीसगढ परका नाही. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून हा मुलूख बघत होते. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ मध्ये नागपूर राजधानी ठेवून मध्य प्रांत बनवला. या नव्या प्रांताची जंगलं मोजायला, नोंदायला जे अधिकारी आले, त्यांत बंगाल स्टाफ कोअरचा एक तरुण कॅप्टन होता, जेम्स फोर्सिथ. पचमढीला 'बायसन लॉज' बांधणारा तोच. त्याचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. सालाच्या जंगलांच्या शोधात पूर्वेकडे, म्हणजे आमच्या बाजूला केलेली सफर त्यात आहे.

पण आपल्या विषयासाठी त्याचं दुसरं पुस्तक जास्त महत्त्वाचं. १८६३ मध्ये त्यानं 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' लिहिलं. शिकारीच्या रायफलीची गोळी कशी असावी, एवढ्याच एका विषयावर अख्खं पुस्तक.

त्या काळी लष्करात लांबट, निमुळत्या गोळीची नवी हवा होती. एनफिल्ड रायफलीची अशी गोळी सुमारे ५३० ग्रेनची, म्हणजे ३४ ग्रॅमची. ती लांब जायची, पण वेग कमी. वेग कमी म्हणजे वाट कमानीसारखी वाकडी. पलटणीसमोर पलटण उभी असेल तर कमान चालते, कारण अंतर माहीत असतं आणि लक्ष्य रुंद असतं. जंगलात सांबर सत्तर यार्डांवर आहे की एकशे वीस, हे झाडीतून ओळखता येत नाही. अंदाज चुकला की गोळी पाठीवरून जाते किंवा पाय मोडते.

फोर्सिथचं म्हणणं सरळ होतं. लष्कराचं जसंच्या तसं उचलू नका. मोठ्या व्यासाचा गोल गोळा घ्या, भरपूर दारू घाला आणि नळीतले आटे अगदी सावकाश फिरणारे ठेवा, आठ फुटांहून जास्त लांबीत एक वळसा. गोळा वेगानं निघेल, पहिल्या शंभर-सव्वाशे यार्डांत जवळजवळ सरळ जाईल आणि अंतराच्या अंदाजातली चूक पोटात घालेल. आज कुणी गोल गोळा वापरत नाही, पण हा विचार आजही खरा आहे : आधी जनावर आणि अंतर बघा, मग गोळी ठरवा. दुकानात काय चकाकतंय यावरून ठरवू नका.

दमदम, पहिल्यांदा

कोलकात्याजवळ दमदम नावाची लष्करी छावणी होती. आज तिथं विमानतळ आहे. गोळीच्या इतिहासात हे गाव दोनदा येतं आणि दोन्ही वेळा जग हलवून जातं.

पहिली वेळ जानेवारी १८५७. एनफिल्डचं कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी खाली ठासायची. आट्यांच्या नळीत गोळी घट्ट बसते, म्हणून कागदाला वंगण लागायचं. ते वंगण गाईडुकराच्या चरबीचं आहे, ही कुजबुज दमदमहून सुरू झाली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. पुढचं सगळं तुम्हांला ठाऊक आहे. उठावाची कारणं पुष्कळ आणि खोल होती, पण ठिणगी पडली ती गोळी आणि नळी यांच्यातल्या फटीत. तंत्रज्ञ म्हणतो, वंगणाचा प्रश्न आहे. शिपाई म्हणतो, माझ्या धर्माचा प्रश्न आहे. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसानं हे कधी विसरू नये. दारूगोळ्याची निवड करणाऱ्याला, ती हातात धरणाऱ्याचं मनही कळावं लागतं.

शिशावर तांब्याचा अंगरखा

यानंतर तीस-पस्तीस वर्षांत सगळं बदललं. मार्टिनी-हेन्रीची गोळी ४८० ग्रेनची होती, बिनकवचाच्या शिशाची, सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगानं जाणारी. मग बिनधुराची दारू आली, .३०३ रायफल आली, आणि गोळी झाली २१५ ग्रेनची. वजन निम्म्याहून कमी, वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर.

या वेगाला नुसतं शिसं टिकत नाही. आट्यांवर सोलून निघतं. भिलाईत राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही की प्रत्येक धातूची एक सहनशक्ती असते. म्हणून शिशावर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पातळ अंगरखा चढवला. गोळी नळीत टिकली, हवेत सरळ गेली. पहिली दोन कामं उत्तम झाली. तिसरं बिघडलं.

१८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत तक्रार आली की ही गोळी माणसाच्या आरपार जाते आणि माणूस पळतच राहतो. लहान भोक, कडक कवच. आत काही उलगडतच नाही.

दमदम, दुसऱ्यांदा

उत्तर शोधलं पुन्हा दमदमनंच. तिथल्या शस्त्रागाराचा अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यानं गोळीच्या टोकावरचा अंगरखा थोडा काढून शिसं उघडं ठेवलं. आदळताच टोक चपटं होऊन फुलायचं आणि जखम मोठी व्हायची. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली. 'दमदम गोळी' हा शब्द जगभरच्या भाषांत गेला तो असा.

युरोपात गदारोळ झाला. १८९९ च्या हेग परिषदेत जाहीरनामा झाला की मानवी शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या राष्ट्रांनी आपसांतल्या युद्धात वापरू नयेत. ब्रिटननं आधी हट्ट धरला, १९०७ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून सैनिकाची गोळी पूर्ण कवचाची. मीही नोकरीभर तीच हाताळली. तिचा विचार असा की शत्रू लढण्याबाहेर गेला की पुरे. त्याला उगाच जास्त यातना द्यायच्या नाहीत. जखमी शत्रूला उचलायला माणसं असतात, डॉक्टर असतात, रेडक्रॉस असतो.

आता शिकारीकडे या. जखमी सांबराला उचलायला कुणी येत नाही. पूर्ण कवचाची गोळी त्याच्या फुप्फुसाच्या कडेनं आरपार गेली तर ते दोन मैल पळतं, नाल्यात जाऊन बसतं आणि दोन दिवसांनी मरतं. वाघ असेल तर जगतो, लंगडा होतो, आणि मग गुराखी धरतो. कुमाऊंच्या नरभक्षकांबद्दल कॉर्बेटसाहेबांनी हेच लिहून ठेवलंय. वाघ माणसाकडे वळतो त्यामागे बहुधा जखम असते.

म्हणून नियम बरोबर उलटा झाला. जी गोळी माणसावर निषिद्ध, तीच जनावरावर आवश्यक. ब्रिटनमध्ये हरणासाठी फुलणारीच गोळी वापरावी असा कायदा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पूर्ण कवचाच्या गोळीनं हरिण मारायला बंदी आहे. दोन्ही नियमांच्या मुळाशी एकच भावना आहे : यातना कमी व्हाव्यात. दमदम म्हटलं की आपण लगेच क्रूर म्हणतो. क्रौर्य धातूत नसतं, ती कुठं वापरली त्यात असतं.

खडकीची छाप

आपल्याकडे शिकाऱ्याच्या हातात काय यायचं? साहेबाला चिंता होती की लष्करी काडतूस बाहेर फुटलं तर ते बंडखोरांच्या आणि टोळीवाल्यांच्या हाती जाईल. म्हणून .३०३ सामान्य माणसाला बंद, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० च्या रायफलींवरही बंदी आली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. शिकारीच्या पुस्तकांत हे विचित्र आकडे दिसतात त्याचं कारण भारतातला हा कायदा.

सामान्य परवानाधारकासाठी राहिली .३१५. ही रायफल इशापूरला बनायची. काडतुसाच्या बुडावर 'के.एफ.' ही अक्षरं. के.एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी, १८६९ सालची. विदर्भातल्या मालगुजाराच्या वाड्यात किंवा बस्तरच्या ठेकेदाराच्या घरी आजोबांची म्हणून जी रायफल दाखवतात, ती बहुधा हीच. गोळी जड, टोक गोलसर, शिसं उघडं. दीडशे यार्डांच्या आत भरवशाची. त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा करू नये अशी.

लांब पल्ल्याचं गणित

आता मूळ प्रश्न. १९०५ मध्ये जर्मनांनी आपली २२७ ग्रेनची बोथट गोळी टाकून १५४ ग्रेनची टोकदार गोळी घेतली. १९१० मध्ये ब्रिटिशांनी .३०३ साठी २१५ ची १७४ ग्रेन केली आणि वेग नेला सेकंदाला ७४४ मीटरवर. टोकदार गोळी हवा कापते, वेग टिकवते. शिकारीतही तो विचार आला. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडमध्ये एकाच रायफलीला तीन गोळ्या मिळायच्या : मैदानातल्या लांबच्या हलक्या जनावराला २३५ ग्रेन, मधल्याला २७०, आणि गव्यासारख्या जाड हाडामांसाच्या जनावराला ३००. निवड कशी करावी याचा यापेक्षा सोपा धडा नाही. हलकी गोळी वेगानं आणि सरळ जाते. जड गोळी खोल जाते.

आता आजची एक गोळी घेऊ. ७.६२ मिलिमीटर व्यासाची, १६८ ग्रेनची, नळीतून निघताना वेग सेकंदाला ८०० मीटर. पाचशे मीटरवर पोहोचेपर्यंत वेग राहतो साधारण ५०० मीटर. इथं पहिला पेच. बऱ्याच फुलणाऱ्या गोळ्यांना नीट फुलायला सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो. म्हणजे ज्या अंतरासाठी हौसेनं गोळी घेतली, तिथं ती फुलतच नाही. बारीक भोक पाडून आरपार जाते. चित्रालची तक्रार तशीच परत येते.

मग काही जण मऊ गोळी घेतात, कमी वेगातही फुलणारी. ती जवळच्या जनावरावर खांद्याच्या हाडाशीच फुटून विखुरते, आत जातच नाही. कॅनडात एका मूसवर गोळ्या अशा अपुऱ्या पडल्या म्हणून जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्यानं १९४० च्या दशकात मधोमध धातूची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. पुढं अख्ख्या तांब्याच्या गोळ्या आल्या. जनावराच्या मांसात शिशाचे कण राहून गिधाडवर्गातल्या पक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिसं बंद केलं. आणि नेमबाजीच्या स्पर्धेची गोळी ही तर तिसरीच चीज. कागदावर ती फार अचूक असते, पण पोहोचल्यावर काय करावं याचा विचार तिच्या बनावटीत नसतो. ती शिकारीला नाही.

दुसरा पेच वाऱ्याचा. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे पानं हलवणारी झुळूक, पाचशे मीटरवर या गोळीला अर्ध्या मीटरहून जास्त ढकलतो. चितळाच्या छातीतला वर्मी भाग वीतभर. हिशोब तुम्हीच करा.

तिसरा पेच कुठल्याही गोळीनं सुटत नाही. पाचशे मीटर जायला गोळीला साधारण पाऊण सेकंद लागतो. चरणारं जनावर त्या पाऊण सेकंदात एक पाऊल टाकतं. तुम्ही चाप ओढलात तेव्हा नेम छातीवर होता. गोळी पोहोचली तेव्हा तिथं पोट आहे. रणांगणावरच्या स्नायपरला हे चालतं, कारण त्याचं काम वेगळं. शिकाऱ्याला चालत नाही. जुने शिकारी जवळ जाण्यात कौशल्य मानायचे ते उगाच नाही. वारा बघायचा, पाऊल न वाजवता सरकायचं आणि जमलं नाही तर घरी परतायचं.

दोन गोळ्या, तीन चित्ते

शेवटी आमच्या राज्यातली गोष्ट. उत्तरेला कोरिया आणि सरगुजा ही संस्थानं होती. १९०५ मध्ये ती मध्य प्रांताला जोडली गेली. १९४७ मध्ये कोरियाचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री आपल्या जंगलात तीन चित्ते मारले. तिन्ही नर, एकमेकांजवळ बसलेले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या पेंढा भरणाऱ्या प्रसिद्ध पेढीमार्फत हा वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९४८ मध्ये आला आणि संपादकांनी त्याबरोबरच तीव्र नापसंतीही छापली. त्या वृत्तान्तात गोळीचा तपशील आहे : दोन गोळ्यांत तिन्ही पडले. दुसरी गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्याला लागली.

तंत्र म्हणून बघाल तर रायफल उत्तम, गोळी खोल जाणारी, नेम अचूक. काहीच चुकलं नाही. आणि भारतातल्या रानटी चित्त्याची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याआधीच कोल्हापूरसारखी संस्थानं काळविटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणत होती, कारण चित्तेवानांना देशी जनावर मिळेनासं झालं होतं. म्हणजे इशारा स्पष्ट होता. वाचणारं कुणी नव्हतं.

शेजारच्या सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंह देव यांनी आपल्या वाघांचा आकडा ११५० सांगितला होता, प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांना. एका माणसाच्या आयुष्यात. फोर्सिथच्या ठासणीच्या बंदुकीनं हे झालं नसतं. चांगल्या गोळीनं जखमी जनावरं कमी झाली हे खरं. त्याच चांगल्या गोळीनं मारणं इतकं सोपं केलं की थांबायचं कुठं, हे ठरवायला फक्त माणसाचं मन उरलं. १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, कारण ते मन वेळेवर थांबलं नाही.

आज कोरियाच्या जंगलाचा मोठा भाग गुरू घासीदास-तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्पात आहे. त्याची अधिसूचना निघाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. चोरटी शिकार मात्र अजून होते, विजेच्या उघड्या तारा टाकून आणि फासे लावून. तारेला निवड नसते. ती चितळ, अस्वल, हत्ती, गावातला पोरगा, सगळ्यांना सारखीच. गोळी निवडण्यात निदान एक जबाबदारी होती : समोर काय आहे हे बघायची.

तेव्हा ज्या तरुणांनी प्रश्न विचारला त्यांना माझं उत्तर. नेमबाजी आवडत असेल तर रायफल क्लबात जा. कागदावर तीनशे मीटर साधून दाखवा, मजा येईल. परदेशात कायद्यानं शिकार करणारे नातेवाईक असतील, पुष्कळांचे असतात, त्यांना एवढंच सांगा : आधी जनावर ओळखा, मग अंतर ओळखा, त्या अंतरावर गोळीचा उरलेला वेग बघा आणि त्या वेगाला फुलणारी गोळी घ्या. हे चारही जुळत नसतील तर चापावरून बोट काढा. न झाडलेल्या गोळीनं आजवर कुणी जखमी झालेलं नाही.

पुढच्या भागात खडकीच्या कारखान्याबद्दल सविस्तर बोलू. तोपर्यंत जय जोहार, जय हिंद.